दोन जहाजे, एक गुप्त तह आणि बसऱ्याचा किनारा

पहिल्या महायुद्धाची हकिकत शाळेच्या पुस्तकात वाचताना एक वाक्य हमखास भेटते : तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, एक गुण पदरात पाडून घेतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. परंतु या एका वाक्याच्या पोटात १९१४ सालच्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या तीन महिन्यांचा असा काळ दडलेला आहे की, त्याचे परिणाम इराक, सीरिया, पॅलेस्टाईन आणि अरबस्तान या साऱ्या प्रदेशांना पुढे कित्येक पिढ्या भोगावे लागले. आपल्या दख्खनच्या काही घरांपर्यंतही ते येऊन पोहोचले.

तुर्कस्तान या युद्धात का पडले, या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे वडीलधाऱ्या मंडळींकडून आपण ऐकत आलो आहोत. एक असे की, इंग्रजांनी तुर्कांची दोन जहाजे बळकावली म्हणून. दुसरे असे की, खलीफाने दीनच्या रक्षणासाठी जिहाद पुकारला म्हणून. दोन्ही उत्तरांत तथ्याचा अंश आहे. पण विद्यार्थी मित्रांनो, इतिहासात भावनेआधी तारीख पाहावी लागते, आणि तारखा ओळीने मांडल्या की ही दोन्ही उत्तरे अपुरी पडतात.

आधी तुर्कस्तानची त्या वेळची अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. १९११ साली इटलीने त्रिपोलीवर हल्ला चढवला. ते युद्ध संपते न संपते तोच १९१२च्या ऑक्टोबरमध्ये बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस आणि मॉन्टेनेग्रो ही बाल्कनमधील चार राष्ट्रे एकवटून तुर्कांवर तुटून पडली आणि पाचेकशे वर्षांचे युरोपातील राज्य जवळजवळ सारे हातचे गेले. निर्वासितांचे लोंढे इस्तंबूलकडे आले, मशिदींच्या आवारांत कुटुंबेच्या कुटुंबे येऊन पडली. याच युद्धातील जखमी तुर्क सैनिकांच्या शुश्रूषेसाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक १९१२च्या डिसेंबरात मुंबईहून रवाना झाले होते. सांगायचे एवढेच की, हिंदुस्थानातील मुसलमानांना तुर्कस्तान हा केवळ नकाशावरचा देश नव्हता.

या पराभवाच्या धामधुमीतच, २३ जानेवारी १९१३ रोजी, ‘एकता आणि प्रगती’ या पक्षाच्या तरुण अधिकाऱ्यांनी सरकारी कचेरीत घुसून सत्ता हस्तगत केली. युद्धमंत्री नाझिम पाशा त्या गडबडीत गोळी लागून ठार झाले. पुढच्या वर्षी कारभाराची सूत्रे कोणाकडे होती ते पाहा. वजीर-ए-आझम होते सईद हलीम पाशा, युद्धमंत्री अन्वर पाशा, गृहमंत्री तलत बे, नौदलमंत्री जमाल पाशा. अन्वरचे वय अवघे ३२ वर्षांचे होते. सुलतान पाचवे मुहम्मद रशाद तख्तावर होते आणि खलीफाही तेच होते, पण राज्य त्यांच्या नावाने चाले, त्यांच्या हुकमाने नव्हे.

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. पुढची साखळी सर्वांना ठाऊक आहे. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाशी, १ ऑगस्टला जर्मनीने रशियाशी, ३ ऑगस्टला फ्रान्सशी युद्ध पुकारले आणि जर्मन सेना बेल्जियममध्ये घुसताच ४ ऑगस्टला इंग्लंडही रणात उतरले. ती साखळी इथे पुन्हा उगाळत नाही. आपल्याला पाहायचे आहे ते बॉस्फरसच्या काठी त्याच दिवसांत काय चालले होते ते.

अन्वर पाशाने इस्तंबूलमधील जर्मन राजदूत व्हांगेनहाइम याच्यापुढे मैत्रीच्या कराराचा प्रस्ताव ठेवला तो २२ जुलैला. ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्धही अजून पुकारले नव्हते. राजदूताला प्रथम हा सौदा तोट्याचा वाटला. मोडकळीला आलेल्या साम्राज्याचे ओझे गळ्यात कशाला घ्या, असा त्याचा हिशेब होता. परंतु कैसरने दोन दिवसांत त्याचे मत बाजूला सारले. वाटाघाटी सुरू झाल्या आणि २ ऑगस्ट रोजी यनीकोय येथे सईद हलीम पाशांच्या समुद्रकाठच्या वाड्यात गुप्त तहावर सह्या झाल्या. रशियाने लष्करी पाऊल उचलले आणि त्यामुळे जर्मनीला युद्धात पडावे लागले, तर तुर्कस्तानानेही पडायचे, असा त्याचा आशय होता. गंमत अशी की, जर्मनीने रशियाशी युद्ध आदल्याच दिवशी पुकारले होते. म्हणजे सहीची शाई वाळण्यापूर्वीच तुर्कस्तान बांधले गेले होते. या तहाची माहिती मंत्रिमंडळातील मूठभर लोकांनाच होती. नौदलमंत्री जमाल पाशांनासुद्धा ती नंतर कळली. दुसऱ्याच दिवशी सरकारने जगाला जाहीर केले की, आम्ही सशस्त्र तटस्थ आहोत. गावोगाव सैन्यभरतीचे नगारे वाजले. कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला विळा टाकून छावणीची वाट धरावी लागली. कशासाठी, हे त्याला कोणी सांगितले नाही.

आता त्या दोन जहाजांकडे वळू. ग्रीसशी बेटांवरून तंटा चालू होता आणि आरमाराशिवाय निभाव नाही हे बाल्कन युद्धात कळून चुकले होते. म्हणून तुर्कस्तानने इंग्लंडमध्ये दोन अजस्र युद्धनौका घेतल्या होत्या. ‘रशादिये’ ही तुर्कस्तानसाठीच बांधली जात होती. ‘सुलतान उस्मान’ ही मूळ ब्राझीलने मागवलेली आणि नंतर तुर्कस्तानने विकत घेतलेली नौका. तिच्यावर १२ इंची अशा १४ तोफा होत्या, त्या काळी कोणत्याही एका जहाजावर एवढ्या तोफा नव्हत्या. सरकारी तिजोरी रिकामी, तेव्हा लोकवर्गणी गोळा झाली. शाळांतील मुलांनी पैसा-पैसा जमवला, बायकांनी दागिने दिले, कोणी केस विकून वर्गणी भरली असेही सांगतात. आपल्याकडे संस्थेच्या इमारतीसाठी पावतीपुस्तके घेऊन दारोदार हिंडलेल्या कार्यकर्त्यांना अशा वर्गणीचे मोल सांगायला नको. ‘सुलतान उस्मान’ ताब्यात घेण्यासाठी कप्तान रऊफ बे न्यूकॅसलला जाऊन थांबले होते आणि सुमारे ५०० तुर्क खलाशी टाइन नदीत जहाजावर चढण्याची वाट पाहत होते. अशा वेळी ऑगस्टच्या अगदी पहिल्या दिवसांत इंग्लंडचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी दोन्ही जहाजे आपल्या आरमारासाठी काढून घेतली.

तुर्कस्तानात संतापाचा डोंब उसळला, आणि तो रास्तच होता. चर्चिलची बाजूही ऐकून घ्यायला हवी : जगातील सर्वांत बलाढ्य जहाजांपैकी दोन, युद्धाच्या तोंडावर, उद्या कोणाच्या बाजूला जातील याची खात्री नसताना हातची जाऊ देणे त्याला परवडणारे नव्हते. परंतु ज्या घरातून वर्गणी गेली त्या घराला हा युक्तिवाद कसा पटावा? तरीही तारीख विसरू नका. अन्वरचा प्रस्ताव २२ जुलैचा आहे. जहाजे गेली म्हणून तह झाला, असे म्हणता येत नाही. जहाजे गेल्यामुळे एवढेच झाले की, काही मंत्र्यांनी आधीच गुपचूप निवडलेल्या वाटेवर जनतेचे मनही आपसूक येऊन उभे राहिले.

इकडे भूमध्य समुद्रात जर्मनीची दोन जहाजे एकटी पडली होती, ‘गोबेन’ आणि ‘ब्रेस्लाऊ’. त्यांचा सेनापती ॲडमिरल सूशोन हा धाडसी माणूस. ४ ऑगस्टला पहाटे त्याने अल्जीरियातील दोन फ्रेंच बंदरांवर तोफा डागल्या, मेसिनाला जाऊन कोळसा भरला आणि ६ तारखेला बाहेर पडून पूर्वेकडे मुसंडी मारली. इंग्रजांचे आरमार त्याच्या मागावर होते, पण त्यांची सारी अटकळ अशी की, तो पश्चिमेला फ्रेंच सैन्याच्या वाहतुकीवर तरी जाईल, नाहीतर उत्तरेला ऑस्ट्रियाच्या बंदरात शिरेल. तो तुर्कस्तानकडे जाईल हे कोणाच्या डोक्यातच आले नाही. ॲडमिरल ट्रूब्रिजच्या हाताखाली चार क्रूझर होत्या. ‘गोबेन’वर ११ इंची अशा १० तोफा आणि वेग जास्त, आपल्या तोफा तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच ती आपल्याला बुडवील असा विचार करून ७ ऑगस्टच्या पहाटे त्याने पाठलाग सोडून दिला. यासाठी पुढे त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. पण त्याला पुन्हा समुद्रावरची जबाबदारी मिळाली नाही.

१० ऑगस्टच्या संध्याकाळी दोन्ही जहाजे दार्दानेल्सच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. इस्तंबूलमध्ये एक जर्मन अधिकारी अन्वर पाशाच्या कचेरीत गेला आणि म्हणाला, जहाजांना आत घ्यायचे की नाही ते आत्ताच सांगा. वजीर-ए-आझमना विचारल्याशिवाय सांगता येणार नाही, असे अन्वर म्हणाला. वेळ नाही, असे त्या अधिकाऱ्याने बजावले. थोडा वेळ गप्प राहून अन्वरने परवानगी दिली. मग दुसरा प्रश्न आला : मागोमाग इंग्रज जहाजे आली तर त्यांच्यावर गोळे टाकायचे का? पुन्हा टाळाटाळ, पुन्हा तगादा, आणि शेवटी होकार. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या भवितव्याचा निर्णय असा एका खोलीत, उभ्याउभ्या झाला.

आंतरराष्ट्रीय कायदा असा होता की, तटस्थ देशाच्या बंदरात लढणाऱ्या राष्ट्राची युद्धनौका आली तर तिने २४ तासांत निघून जावे, नाहीतर तिची शस्त्रे उतरवून ती अडकवून ठेवावी. यातून सुटण्यासाठी एक नामी युक्ती काढण्यात आली. तुर्कस्तानने ही जहाजे विकत घेतली असे जाहीर झाले. १६ ऑगस्टला समारंभ झाला. ‘गोबेन’चे नाव ‘यावूज सुलतान सलीम’ आणि ‘ब्रेस्लाऊ’चे ‘मिदिल्ली’ ठेवले गेले, चाँद-तारा असलेला झेंडा चढला आणि जर्मन खलाशांनी डोक्यावर लाल फेज टोप्या घातल्या. लोकांना वाटले, इंग्रजांनी दोन नेली, अल्लाहने दोन दिली. परंतु टोपी बदलली तरी डोके बर्लिनचेच होते. सूशोन लवकरच तुर्की आरमाराचा प्रमुख झाला, आणि त्या आरमाराला वर्षानुवर्षे शिकवण देणारे इंग्रज नौदल पथक सप्टेंबरमध्ये मायदेशी परतले.

तरीदेखील तुर्कस्तान लगेच युद्धात उतरले नाही, हे विशेष. वजीर-ए-आझम आणि अर्थमंत्री जावीद बे यांना युद्ध नको होते. रिकाम्या तिजोरीचा हिशेब जावीद बेंइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक होता? या टाळाटाळीच्या काळात सरकारने एक मोठी गोष्ट मात्र साधून घेतली. परदेशी लोकांना तुर्कस्तानात शेकडो वर्षे खास सवलती होत्या. त्यांचे खटले त्यांच्या वकिलातीत चालत, त्यांची स्वतंत्र टपालघरे असत, आणि परराष्ट्रांच्या संमतीशिवाय तुर्क सरकारला जकात वाढवता येत नसे. या सवलती रद्द केल्याची घोषणा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली आणि १ ऑक्टोबरपासून ती अमलात आली. इस्तंबूलमध्ये आनंदोत्सव झाला. निषेधाचा खलिता आला तेव्हा त्यावर इंग्लंड, फ्रान्स आणि रशियाच्या बरोबरीने मित्र म्हणवणाऱ्या जर्मनीचीही सही होती! नंतर जर्मन राजदूताने ते फारसे मनावर घेऊ नका असे सुचवले, ही गोष्ट वेगळी.

युरोपच्या रणांगणावर या वेळी पारडे खालीवर होत होते. जर्मनांचा बेत असा होता की, सहा आठवड्यांत फ्रान्सचा निकाल लावायचा आणि मग सारे बळ रशियावर वळवायचे. लीजचे किल्ले पडले, २० ऑगस्टला ब्रसेल्स गेले, फ्रेंच सरकार पॅरिस सोडून बोर्दोला गेले. पूर्वेला टॅनेनबर्ग येथे हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ यांनी रशियाची एक अख्खी सेना धुळीला मिळवली. पण सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मार्न नदीवर फ्रेंच आणि इंग्रज सैन्याने जर्मनांना थोपवले, मागे रेटले, आणि झटपट विजयाचे स्वप्न तिथेच संपले. दोन्ही बाजूंनी खंदक खणायला सुरुवात झाली. मार्नच्या पराभवाने इस्तंबूलमधील सावध मंत्री आणखी सावध झाले. बर्लिनला मात्र आता तुर्कस्तानची गरज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक भासू लागली. रशिया आणि इंग्लंड या दोघांचेही सैन्य दुसरीकडे अडकवून ठेवील असा तोच एक साथीदार होता.

२७ सप्टेंबरला दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद करण्यात आली. रशियाचे बरेचसे धान्य याच वाटेने बाहेर जाई आणि याच वाटेने त्याला दारूगोळा येऊ शकत होता. ती वाट मिटली. मग पैशाचा प्रश्न निघाला. ११ ऑक्टोबरला अन्वर, तलत आणि जमाल यांनी जर्मन राजदूताशी ठरवले की, २० लाख लिरांचे सोने हाती पडले की सूशोनला मोकळे सोडायचे. सोन्याच्या पेट्या रेल्वेने आल्या. शेवटचा हप्ता २१ ऑक्टोबरच्या सुमारास पोहोचला. यानंतर थोड्याच दिवसांत अन्वरचा गुप्त हुकूम सूशोनच्या हाती पडला.

२९ ऑक्टोबर १९१४. बकरी ईद तोंडावर आलेली. हजचे दिवस, त्याच सुमारास अरफातच्या मैदानात हाजी दुआ मागत उभे होते. त्या पहाटे चाँद-ताऱ्याच्या झेंड्याखालील जहाजांनी काळ्या समुद्रातील ओडेसा, सेवास्तोपोल, फिओदोसिया आणि नोव्होरोसिस्क या रशियन बंदरांवर तोफा डागल्या. ओडेसाला एक रशियन गनबोट बुडाली, नोव्होरोसिस्कला तेलाची टाकी आणि धान्याची कोठारे पेटली. युद्धाची घोषणा नव्हती की मंत्रिमंडळाचा ठराव नव्हता. आगळीक रशियाने केली, असे सरकारी पत्रक निघाले. सईद हलीम पाशांनी राजीनामा देऊ केला, पण त्यांचे मन वळवण्यात आले. जावीद बेंसह चार मंत्री बाहेर पडले. त्यांतले एक सुलेमान अल-बुस्तानी हे अरब ख्रिस्ती विद्वान होते, ग्रीक महाकाव्य ‘इलियड’ अरबीत आणणारे. रशियाने २ नोव्हेंबरला युद्ध पुकारले. ३ नोव्हेंबरला इंग्रज जहाजांनी दार्दानेल्सच्या किल्ल्यांवर गोळे टाकले आणि ५ नोव्हेंबरला इंग्लंड व फ्रान्स यांनीही युद्धाची घोषणा केली. त्याच दिवशी इंग्लंडने सायप्रस बेट आपल्या राज्यास जोडून टाकले.

आता इंग्रजांच्या बाजूची एक तारीख पाहा, म्हणजे न्याय दोन्हीकडे सारखा होईल. काळ्या समुद्रातील हल्ला २९ ऑक्टोबरचा. परंतु हिंदुस्थान सरकारने पुणे येथील सहाव्या डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबई बंदरातून इराणच्या आखाताकडे रवाना केली ती १६ ऑक्टोबरला, म्हणजे तेरा दिवस आधी. ब्रिगेडियर डेलामेनच्या हाताखालील ही फौज २३ ऑक्टोबरला बहरीनजवळ येऊन नांगर टाकून बसली होती. आबादानचा तेलशुद्धीचा कारखाना, आखातातील अरब सरदारांशी असलेले संबंध आणि हिंदुस्थानचा समुद्रमार्ग यांची इंग्रजांना काळजी होती. इराणमधील तेलाच्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग त्यांच्या सरकारने त्याच वर्षी विकत घेतले होते. युद्धाची घोषणा होताच ६ नोव्हेंबरला ही फौज शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाओ येथे उतरली. २२ नोव्हेंबरला बसरा पडले आणि ९ डिसेंबरला, जिथे तिग्रिस आणि युफ्रेटिस यांचा जुना संगम मानतात ते कुर्ना.

या फौजेत कोण होते? पहिल्या ब्रिगेडमध्ये ११७ मराठा पलटण होती. पाठोपाठ आलेल्या ब्रिगेडींत ११० आणि १०३ मराठा लाइट इन्फंट्री या पलटणी होत्या. मराठा हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की त्यांत एकाच समाजाचे शिपाई असत. वस्तुतः या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. म्हणजे ज्या सुलतानाचे नाव घरच्या मशिदीत आदराने घेतले जाई, त्याच्याच फौजेसमोर इथला जवान बसऱ्याच्या खजूरबागांत बंदूक घेऊन उभा होता. त्याच्या मनात काय चालले असेल? पोटासाठी पत्करलेली नोकरी, खाल्ल्या मिठाची जाण, बरोबरच्या मराठा सोबत्याशी जडलेला जीव, आणि समोर आपलाच दीनभाई. पत्रे लिहिता येणारे थोडे, आणि जी लिहिली गेली ती तपासणीतून जात.

अशा परिस्थितीत १४ नोव्हेंबर रोजी इस्तंबूलच्या फातिह मशिदीत शेखुल इस्लामांचे पाच फतवे वाचून दाखवण्यात आले. इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया यांच्या अमलाखालील मुसलमानांनीही खलीफाविरुद्ध लढू नये, उलट त्या सत्तांविरुद्ध उठावे, हे त्यांचे सार होते. जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना मात्र यातून वगळले होते. धर्मयुद्धात काही परधर्मी शत्रू आणि काही परधर्मी दोस्त, ही अडचण सामान्य माणसाच्याही लक्षात येण्याजोगी होती. त्यातून या कल्पनेचा पाठपुरावा बर्लिनमध्ये आधीपासून चालला होता. जर्मन परराष्ट्र खात्यातील मंडळींनी मुसलमानी मुलखांत बंड पेटवण्याचे आराखडे तयार केले, त्यासाठी एक कचेरी उघडली, पुढे बर्लिनजवळ मुसलमान युद्धकैद्यांची खास छावणी उभारून तिथे १९१५ साली लाकडी मशीदही बांधली. मक्केचे शरीफ हुसेन यांनी या पुकाराला उघड दुजोरा देण्याचे टाळले. दीड वर्षाने तर त्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुर्कांविरुद्धच बंड केले.

इंग्रज सरकारही सावध होते. मक्का, मदिना, जेद्दा आणि इराकमधील पवित्र स्थाने यांना धक्का लावला जाणार नाही, असे आश्वासन त्याने नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच जाहीर केले. आगाखान आणि हैदराबादचे निजाम यांनी मुसलमानांना सरकारशी एकनिष्ठ राहण्याचे आवाहन केले. तुर्कस्तानने युद्धापासून दूर राहावे अशा तारा हिंदुस्थानातील मुस्लिम नेत्यांनी पाठवल्या होत्या, त्या वाया गेल्या. मौलाना मुहम्मद अलींनी ‘कॉम्रेड’ पत्रात तुर्कांपुढील पेच उलगडून दाखवणारा दीर्घ लेख सप्टेंबरात लिहिला. त्याबद्दल पत्राची अनामत जप्त झाली आणि ते बंद पडले. पुढच्या वर्षी ते आणि बंधू शौकत अली नजरकैदेत गेले. मौलाना आझादांचे ‘अल्-हिलाल’ही त्याच हिवाळ्यात बंद पडले.

शिपायांचे काय झाले? बहुसंख्य आपल्या जागी राहिले. काळ्या समुद्रातील हल्ल्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, बेल्जियममधील होलेबेक येथे १२९ बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान यांनी साथीदार एकामागून एक पडत असताना, स्वतः जखमी असूनही, आपली मशीनगन चालू ठेवली. शत्रू त्यांना मेलेले समजून पुढे गेला. ते रांगत आपल्या पलटणीत परतले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदी सैनिक होत. पण सारेच असे राहिले नाहीत. १५ फेब्रुवारी १९१५ रोजी सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फंट्रीतील मुसलमान शिपायांनी बंड केले. आपल्याला तुर्कांविरुद्ध लढायला नेत आहेत अशी वावडी हे त्यामागचे एक कारण होते. ४७ जणांना जाहीरपणे गोळ्या घालण्यात आल्या. १९१६च्या फेब्रुवारीत बसऱ्याला पंधराव्या लान्सर्सच्या स्वारांनी, पवित्र भूमीच्या जवळ लढणार नाही, म्हणून पुढे जायला नकार दिला आणि शिक्षा पत्करली. खुदादाद खान आणि हे स्वार यांपैकी कोणालाही आज घरी बसून दूषण देणे मला तरी उचित वाटत नाही. ज्या पेचात ते सापडले तो त्यांनी निर्माण केलेला नव्हता.

ज्यांनी निर्माण केला त्यांचीही हकिकत थोडक्यात सांगतो. डिसेंबरात अन्वर पाशा स्वतः सुमारे एक लाख सैन्याची सेना घेऊन कॉकेशसच्या बर्फात उतरला. सारिकामिशच्या वाटेवर पुरेसे उबदार कपडे नसलेले हजारो जवान लढाईपूर्वीच गारठून मेले आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत ती सेना जवळजवळ उरली नाही. ३ फेब्रुवारी १९१५ला जमाल पाशाने सुवेझ कालव्यावर केलेला हल्लाही फसला. कालव्याच्या रक्षणाला तिथेही पुष्कळसे हिंदी सैनिकच होते. १९१५ साली तलतच्या गृहखात्याने आर्मेनियन प्रजेला देशोधडीला लावले, त्यात लक्षावधी निरपराध माणसे मारली गेली. तो डाग या राजवटीवर कायमचा आहे. ३० ऑक्टोबर १९१८ला तुर्कस्तानने मुद्रोस येथे शस्त्रे खाली ठेवली. तलत १९२१ साली बर्लिनमध्ये आणि जमाल १९२२ साली तिफ्लिसमध्ये मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. अन्वर त्याच वर्षी मध्य आशियात रशियन फौजेशी लढताना ठार झाला. सईद हलीम पाशांचा खून १९२१च्या डिसेंबरात रोममध्ये झाला. ‘यावूज’ मात्र या सर्वांपेक्षा दीर्घायुषी ठरली. १९३८ साली अतातुर्क यांचा पार्थिव देह तिनेच इझमितला नेला. १९७३ साली तिला तोडण्यासाठी ओढून नेण्यात आले.

बसऱ्याला उतरलेल्या मराठा पलटणी पुढे बगदादच्या दिशेने सरकल्या, टेसिफोनला अडल्या आणि कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. कैदेत त्यांच्यापैकी अनेकांचे प्राण गेले. इराकमध्ये कामी आलेल्यांसाठी युद्धानंतर बसऱ्याला एक मोठे स्मारक बांधण्यात आले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी लिहिली गेली.

कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला आपल्या ओळखीच्या एखाद्या घरी जुन्या ट्रंकेत पितळी रंगाचा चार टोकांचा एक तारा सापडण्याचा संभव आहे. त्याच्या मध्यभागी १९१४-१५ असे इंग्रजी आकडे असतात. मुलांनी तो हाती आला तर उलटा करून पाहावा. त्याच्या पाठीवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते.